नदीत वाहून जाते ते आपल्या रानाचे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

उन्हाळा लागला की पंचगंगेत केंदाळ, म्हणजे जलपर्णी, माजल्याचे छायाचित्र वर्तमानपत्रांत येते. सोबत पाण्याला वास सुटल्याची, बंधाऱ्याजवळ मासे मेल्याची बातमी असते, आणि काही दिवसांनी यंत्र लावून केंदाळ काढल्याची. त्याच दिवसांत आतल्या पानावर पेटवलेल्या पाचटाची, म्हणजे तोडणीनंतर रानात उरलेल्या उसाच्या वाळल्या पाल्याची, बातमी असते. शेजारचा फड जळाला, धुरात रस्ता दिसेना, कुणाची ठिबकची नळी वितळली. या दोन बातम्या वेगवेगळ्या पानांवर छापल्या जातात, पण गोष्ट एकच आहे. ती जोडून सांगावी म्हणून हे पत्र. थोडे लांबले आहे, तरी जागा द्यावी ही विनंती.

मी करवीर तालुक्यातल्या एका मराठी शाळेत विज्ञान शिकवत होते, आता निवृत्त आहे. घरी ऊस आहे, दारात म्हशी आहेत आणि एक तुकडा नदीकाठच्या मळीच्या रानाचा आहे. नववीच्या पुस्तकात परिसंस्थेतील ऊर्जाप्रवाहाचा धडा आहे. गवत, नाकतोडा, बेडूक, साप, घार अशी साखळी मुले पाठ करतात आणि बाण काढून गुण मिळवतात. ‘ऊर्जेचा प्रवाह एकेरी का आणि पोषकद्रव्यांचा चक्राकार का?’ हा त्यातला ठरलेला प्रश्न. उत्तर सगळ्यांना येते. ते उत्तर वर्गात राहते आणि शिवारात त्याच्या अगदी उलटे चालते, याचे मला नोकरीभर वाईट वाटत आले.

आधी ऊर्जेचे बोलू. हा हिशेब आम्ही फळ्यावर मांडायचो. आमच्याकडे लावणीचा ऊस एकरी चाळीस टन निघाला तर बरा म्हणतात. आपल्या जिल्ह्याचा साखर उतारा राज्यात वरच्या नंबरात असतो, तो बारा टक्के धरू. म्हणजे एकराला ४,८०० किलो साखर झाली. किलोभर साखरेत, विजेच्या मीटरच्या भाषेत सांगायचे तर, साडेचार युनिट ऊर्जा असते. सगळी मिळून २१ ते २२ हजार युनिट. आता त्याच एकरावर वर्षभर पडलेले ऊन मोजा. चौरस मीटरला दिवसाला सरासरी पाच युनिट धरले तरी वर्षाला ७० लाख युनिटांच्या वर जाते. शंभर रुपयांचे ऊन पडले आणि साखर झाली तीस पैशांची! पाचट, वाढे (उसाचे हिरवे शेंडे), मुळ्या असे आख्खे पीक धरले तर रुपयाच्या आसपास. आणि ऊस हे तर ऊन पकडण्यात सगळ्यांत तरबेज असलेल्या पिकांपैकी एक. मुले हे ऐकून गप्प व्हायची, मग एखादा विचारायचा, “बाई, बाकीचं ऊन गेलं कुठं?” काही पानांवरून परत फिरले, काही माती तापवण्यात गेले, बरेचसे पानातल्या पाण्याची वाफ करण्यात. उसाने जे पकडले त्यातलेही बरेच त्याने स्वतःच्या श्वसनात खर्च केले.

पुढच्या प्रत्येक पायरीला अशीच गळती. म्हशीने खाल्लेल्या वाढ्यातली थोडीच ऊर्जा दुधात उतरते, बाकीची तिच्या अंगाची ऊब, रवंथ आणि चालणे यांत जाते. काही शेणातून बाहेर पडते. पुस्तकात दहा टक्क्यांचा नियम आहे. प्रत्यक्षात कुठे पाच, कुठे वीस. हा हिशेब एका आख्ख्या तळ्यासाठी पहिल्यांदा नीट मांडला तो अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात रेमंड लिंडेमन या तरुणाने. सीडर बॉग नावाच्या छोट्याशा, भरत आलेल्या तळ्यातले शेवाळ, किडे, मासे, तळाचा गाळ हे सगळे त्याने मोजले आणि सूर्याची ऊर्जा कुणाकडून कुणाकडे किती जाते ते दाखवले. परीक्षकांनी त्याचा लेख आधी नाकारला होता. १९४२ साली तो छापून आला तेव्हा लिंडेमन या जगात नव्हता. अवघ्या २६ वर्षांचा असताना तो गेला. वर्गात हे सांगताना माझा आवाज दर वेळी बदलायचा.

ऊर्जा अशी एकदाच वापरता येते. शेवटी तिची उष्णता होते आणि ती आकाशात निघून जाते. त्याची काळजी नको, कारण उद्या सकाळी सूर्य पुन्हा उगवणार आहे. स्फुरदाचे, म्हणजे फॉस्फरसचे, तसे नाही. ते आभाळातून पडत नाही. आमच्या गावच्या सोसायटीत डीएपी खताचे ५० किलोचे पोते उतरते, त्यात खताच्या मोजणीने २३ किलो स्फुरद आणि ९ किलो नत्र, म्हणजे नायट्रोजन, असते. यातले नत्र कारखान्यात हवेतून ओढून घेता येते. फ्रिट्झ हाबर आणि कार्ल बॉश यांनी शंभर वर्षांपूर्वी ती वाट दाखवली, जरी तिला इंधन भरपूर लागते. स्फुरद मात्र खडकातूनच काढावे लागते. जगातले त्याचे सगळ्यांत मोठे साठे मोरोक्कोच्या बाजूला आहेत, आणि आपला देश त्याची बहुतेक गरज बाहेरून विकत घेऊन भागवतो. समुद्र ओलांडून आलेली ही वस्तू आपण सरीत टाकतो आणि त्यातला मोठा वाटा आपल्याच हाताने वाया घालवतो.

आता माझा मुख्य मुद्दा. साखर कशाची बनते? कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन. तिन्ही हवेतून आणि पाण्यातून आलेले. पांढऱ्या साखरेच्या पोत्यात आपल्या रानातले नत्र नाही, स्फुरद नाही, पालाश (पोटॅशियम) नाही. गुळात थोडी खनिजे राहतात, तीही थोडीच. म्हणजे कोल्हापूर जिल्हा साखर विकतो तेव्हा तो खरे तर ऊन विकत असतो. गहू विकणाऱ्या, सोयाबीन विकणाऱ्या, अगदी दूध विकणाऱ्या शेतकऱ्याचेही हे भाग्य नाही. एक लिटर दुधात सुमारे पाच ग्रॅम नत्र आणि एक ग्रॅम स्फुरद गावाबाहेर जाते, मुंबईला पोहोचते आणि परत येत नाही. उसाचे मात्र असे आहे की मुळांनी मातीतून उचललेले जवळजवळ सगळे आपल्याच जिल्ह्यात मागे उरते. पाचटात उरते, वाढ्यात उरते, कारखान्याच्या प्रेसमडमध्ये (रस गाळून उरलेल्या गाळात) स्फुरद उरते, बॉयलरच्या राखेत आणि मद्यार्क काढल्यावर उरणाऱ्या सांडपाण्यात, स्पेंटवॉशमध्ये, पालाश उरते. हे सगळे रानात परत गेले तर वरून टाकायच्या पोत्यांची संख्या कितीतरी खाली येईल. तरी आमच्या रानांचा सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या पाल्यापाचोळ्यातला कार्बन) दर तपासणीला घटलेला दिसतो आणि पोती वाढतच जातात. कारण जे मागे उरते ते आपण दोन वाटांनी घालवतो. एक वाट धुराची, दुसरी पाण्याची.

धुराच्या वाटेबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण ते आमच्याच हातात आहे. हेक्टरी आठ ते दहा टन पाचट निघते. कृषी खात्याची माणसे वर्षानुवर्षे सांगत आली आहेत की त्यात ४० ते ५० किलो नत्र, २० ते ३० किलो स्फुरद, ७५ ते १०० किलो पालाश आणि तीन ते चार टन सेंद्रिय कर्ब असतो. पेटवले की कर्ब आणि नत्र जवळजवळ सगळे हवेत जाते. स्फुरद आणि पालाश राखेत राहतात, पण ती राख वाऱ्याने उडते, नाहीतर पहिल्या वळवाच्या पावसात ओघळीने ओढ्याला लागते.

पेटवणाऱ्याला शिव्या घालून काही होणार नाही. त्याची कारणे खरी आहेत. माझे धाकटे दीर मला म्हणाले होते, “वैनी, पाचाट सरीत ठिवलं तर पाणी म्होरं कसं सरकायचं?” पाटाने पाणी देणाऱ्याची ही अडचण खोटी नाही. शिवाय भांगलायला अडचण होते, उंदीर लागतात, साप निघतात, आणि ऊसतोड टोळीलाही पाला नको असतो. शेजाऱ्याने पेटवले तर आपले राखलेले पाचट आयते जळते, मग राखायचे तरी कशाला? आणखी एक तक्रार मी गावात कायम ऐकते. पाचट ठेवले की खोडवा, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून फुटणारे पुढचे पीक, सुरुवातीला पिवळा पडतो.

हे पिवळे पडणे समजून घेण्यासारखे आहे, कारण आख्खा धडा त्यात आला. पाचटात कर्ब भरपूर आणि नत्र कमी, साधारण ऐंशीला एक. पाचट कुजवणाऱ्या बुरशीला आणि जिवाणूंना कर्बातून ऊर्जा मिळते, पण स्वतःचे शरीर बांधायला नत्र कमी पडते. मग ते मातीतले नत्र उचलतात आणि उसाच्या कोवळ्या फुटव्यांना काही दिवस ते मिळत नाही. नत्र कुठे गेलेले नसते, जिवाणूंच्या अंगात अडकलेले असते. पाचट मुरत आले की ते मरतात आणि तेच नत्र हळूहळू मोकळे होऊन उसाच्या मुळाशी येते, तेही पिकाला खऱ्या भुकेच्या वेळी. म्हणूनच पाचटावर सुरुवातीला थोडा युरिया आणि सुपर फॉस्फेट पसरून कुजवणारे जिवाणू टाकायला सांगतात. तेवढे केले की पिवळेपणा राहत नाही. पाण्याच्या अडचणीवर उपाय आहे तो एकाआड एक सरीत पाचट दाबायचा, म्हणजे मोकळ्या सरीतून पाणी जाते. बुडखे मात्र मोकळे करून जमिनीलगत छाटले पाहिजेत, नाहीतर फुटवे वरून येतात आणि लोळतात. आमच्या घरी हे दिरांनीच करून पाहिले, मी नुसती पुस्तक घेऊन उभी होते.

आषाढात त्या सरीतले पाचट हाताने उचलून बघावे. वरचा थर करडा, कोरडा. त्याखाली पाने काळपट, मऊ, बोटांनी तुटणारी, आणि त्यांना विणल्यासारखे बुरशीचे पांढरे तंतू. त्याच्याही खाली मातीवर गांडुळांनी टाकलेले बारीक दाणे, आणि माती उन्हाळाभर झाकलेली असल्याने ओली, भुसभुशीत. शेजारच्या पेटवलेल्या रानात याच दिवसांत वर पापुद्रा धरलेला असतो, आणि पावसाचे पाणी आत न शिरता वरून गढूळ होऊन वाहते. फळ्यावर आम्ही ज्यांना विघटक म्हणतो ते सगळे त्या ओंजळभर पाचटात असतात. गेल्या वर्षीच्या उन्हावर त्यांचे पोट चालते. आपण पाचट पेटवतो तेव्हा त्यांच्या वर्षभराच्या अन्नाची काही मिनिटांत राख करतो, आणि मग मातीत जीव राहिला नाही म्हणून बाटलीतले औषध आणायला दुकानात जातो.

मातीला हे सगळे कुणी शिकवावे लागत नाही, याचा पुरावा हवा असेल तर राधानगरीच्या वर दाजीपूरच्या जंगलात जाऊन या. जांभ्याची पातळ माती, त्यावर पावसाळ्यात धो धो पाऊस. आपल्या हिशेबाने तिथले सगळे सत्त्व कधीच धुऊन जायला हवे होते. एक पोते खत पडत नाही, तरी जंगल दाट आहे आणि गव्यांचे कळप त्यावर पोसले जातात. तिथले बहुतेक धन झाडांत आणि पालापाचोळ्यात असते. पान पडले की कुजते, आणि सुटलेले द्रव्य पावसाने नेण्याआधी मुळे उचलून घेतात. गव्याच्या ताज्या शेणावर शेणकिडे येतात आणि त्याचे गोळे करून मातीत पुरतात. मुलांना घेऊन गेले की मी त्यांना वाघाच्या गप्पांपेक्षा तिथे जास्त वेळ थांबवायची.

मुळे काढली तर काय होते हेही माणसाने मोजून ठेवले आहे. अमेरिकेत हबर्ड ब्रूक नावाच्या जंगलात बोरमन आणि लायकेन्स यांनी १९६५ च्या हिवाळ्यात एका छोट्या ओढ्याच्या पाणलोटातली सगळी झाडे तोडली, लाकूड तिथेच पडू दिले आणि नवे काही उगवू दिले नाही. शेजारच्या न तोडलेल्या पाणलोटाशी तुलना केली तेव्हा त्या ओढ्यातले नायट्रेट पहिल्याच वर्षी चाळीस पटींवर गेले होते. पाचोळा होता, पाऊस तेवढाच होता. सुटलेले द्रव्य धरून ठेवायला जिवंत मूळ नव्हते.

हे वाचताना मला आमच्या गावचा ओढा आठवतो. त्याच्या दोन्ही काठांना वाळुंज, करंज, उंबर, जांभूळ होते. एकेक सरी जास्त बसावी म्हणून काठ खरवडत गेले आणि आता ऊस थेट ओढ्याच्या तोंडाशी आला आहे. शेजाऱ्याने आठ पोती टाकली म्हणून आपण दहा टाकायची, वरून पाट मोकळा सोडायचा. उसाने उचलले तेवढे उचलले, उरलेले नत्र पाण्यात विरघळून आणि स्फुरद मातीच्या कणांना चिकटून सरळ ओढ्यात. पूर्वी ते काठाच्या झाडांनी अडवले असते. त्यात गोठे धुतलेल्या पाण्याची भर. उकिरडा परड्यात होता तोवर शेण-मूत वर्षाला एकदा रानात जायचे. आता फरशीचे गोठे झाले, पाइपने धुतले जातात आणि ते पाणी गटारीतून त्याच ओढ्याला मिळते.

ही झाली पाण्याची वाट. तिचा शेवट पंचगंगेत होतो, आणि शहरही तीच वाट धरते. प्रौढ माणसाच्या शरीरातून वर्षाला अर्धा किलोच्या आसपास स्फुरद आणि चार किलोच्या वर नत्र बाहेर पडते. ते कोणत्या तरी रानातूनच आलेले असते. कसबा बावड्याला आणि दुधाळीला सांडपाणी प्रक्रिया केंद्रे आहेत, ती पूर्ण क्षमतेने चालली पाहिजेत आणि जयंती नाल्याचा थेंबही तसाच नदीत जाता कामा नये, ही मागणी रास्तच आहे. पण प्रक्रियेने घाण कमी होते, विरघळलेले नत्र आणि स्फुरद साध्या प्रक्रियेनंतरही बरेच शिल्लक राहते. तेच पाणी रानाला दिले तर खत, आणि नदीत सोडले तर केंदाळाचे खाद्य.

थोड्याशा स्फुरदाने पाण्याचे काय होते, हे कॅनडात डेव्हिड शिंडलर यांनी एका तळ्यावर सगळ्या जगाला दाखवले. लेक २२६ हे त्याचे नाव. तळ्याच्या अरुंद कमरेवर त्यांनी पडदा लावून दोन भाग केले. एका भागात कार्बन आणि नत्र टाकले, दुसऱ्यात कार्बन, नत्र आणि स्फुरद. वर्ष १९७३. स्फुरदाचा भाग शेवाळाने हिरवा गर्द झाला, दुसरा होता तसाच राहिला. वरून काढलेला तो फोटो मी वर्गात लावायची आणि खाली कुणीतरी ‘रंकाळा’ लिहून ठेवायचे. मी ते कधी पुसले नाही.

आपल्या नदीत शेवाळाच्या जोडीला केंदाळ आहे. दक्षिण अमेरिकेतून आलेली ही वनस्पती, खाद्य आणि ऊन मिळाले की पंधरवड्यात दुप्पट होते. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांना बरगे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) घातले की पाणी थांबते आणि तिला हवी तशी जागा मिळते. पाण्यावर चादर पसरली की खाली ऊन जात नाही, आतल्या पाणवनस्पती मरतात, मेलेले कुजते, कुजवणारे जिवाणू पाण्यातला प्राणवायू संपवतात आणि मासे वर येऊन तोंड उघडतात. वरच्या नाल्यातून साखर कारखान्याचे मळीमिश्रित पाणी सुटले तर हेच एका रात्रीत होते, कारण साखरेचा अंश जिवाणूंना आयता मिळतो.

तरीही केंदाळाला नुसते संकट म्हणून बघू नये असे मला मनापासून वाटते. नदीत विखुरलेले आपले नत्र-स्फुरद त्याने स्वतःच्या अंगात गोळा केलेले असते, आणि ते आपल्याला हाताने उचलता येते. त्यात ९५ टक्के पाणी असते हे खरे. टनभर ओल्या केंदाळातून ५० किलो कोरडा माल आणि त्यात किलोभर नत्र, एवढेच हाती लागते. पण नदीतून निघते ते टनाटनाने. आणि आपण काय करतो? यंत्राने ओढून घाटाशेजारी काठावरच ढीग लावतो. फोटो निघतो. ढीग तिथेच कुजतो, त्याचा काळा रस काठाच्या मातीत झिरपतो आणि वळवाच्या पहिल्या पावसात सगळे पुन्हा नदीत उतरते. मी स्वतः अशा ढिगाखालून निघणारा ओघळ नदीपर्यंत गेलेला पाहिला आहे. पैसे खर्च करून नदीतून काढलेले खाद्य त्याच नदीला परत, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तोच ठेका.

काढलेले केंदाळ आठवडाभरात काठावरून उचलले गेले पाहिजे. ठेका देतानाच ‘काढणे’ आणि ‘गावाच्या कंपोस्ट खड्ड्यापर्यंत पोहोचवणे’ हे एकच काम म्हणून द्यावे. जांभळी फुले येण्याआधी काढले तर बी पडत नाही. हे बी चिखलात वर्षानुवर्षे जिवंत राहते. शेण आणि पाचटाचे थर देऊन ढीग चांगला तापू द्यावा, मध्ये एक-दोनदा उलथावा. ओले केंदाळ आणि कोरडे पाचट यांचे तर चांगलेच जमते, एकात नत्र आणि पाणी, दुसऱ्यात कर्ब. एक सावधगिरी मात्र हवीच. जिथे औद्योगिक सांडपाणी मिसळते तिथले केंदाळ जड धातूही शोषून घेते. ते प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय रानात, विशेषतः भाजीपाल्यात, अजिबात टाकू नये.

कारखान्यांना माझी विनंती अशी की उसाची ट्रॉली कारखान्यावर रिकामी होते आणि बहुधा तशीच गावाकडे परतते. परतीच्या खेपेला प्रेसमड कंपोस्ट त्याच गटात आले, ज्या गटातून ऊस गेला, तर त्याची नोंद चिटबॉयच्या (कारखान्याच्या गावातल्या ऊसनोंदणी कर्मचाऱ्याच्या) वहीत आजही ठेवता येईल. पाचट न पेटवणाऱ्या खातेदाराला पाचटाचे तुकडे करणारे कुट्टी यंत्र आधी आणि कमी भाड्यात मिळावे. जळीत उसाला कपात असते, तशी राखलेल्या पाचटाला बक्षिसी का असू नये? आणि ओढ्याकाठी पाच-सहा हात रुंदीचा पट्टा करंज-वाळुंजीला सोडायचा ठराव ग्रामपंचायती करू शकतात. 

माझे किती तरी विद्यार्थी आज कारखान्यांच्या शेती विभागात आहेत, सोसायट्यांत सचिव आहेत, पंचायतीत निवडून आले आहेत. भेटले की पाया पडतात, “बाई, तुमचा तो बाणांचा धडा अजून आठवतो” म्हणतात. त्यांना माझे सांगणे आहे की येत्या हंगामात आपापल्या गटातले निदान एक रान न पेटवता खोडव्याला न्या, आणि मृगाच्या आधी आणि पुढच्या वर्षी माती तपासून दोन्ही कार्डे सोसायटीच्या फळ्यावर लावा.

आणि संपादक महोदय, आपल्याकडे एक मागणे. यंदा केंदाळ काढल्याचे छायाचित्र छापाल तेव्हा पंधरा दिवसांनी आपला बातमीदार त्याच घाटावर पुन्हा पाठवा, आणि तो ढीग कुठे गेला हे त्याच जागी, त्याच आकारात छापा. नरसोबाच्या वाडीपर्यंतच्या नदीकाठच्या गावांना ती बातमी हवी आहे, कारण वर सोडलेले सगळे खाली त्यांच्या दाराशी जाते.

कळावे,

आपली वाचक,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका
ता. करवीर, जि. कोल्हापूर